आधी तुम्ही दांडा धरा

३ फेब्रुवारी

मेव्हणे,

इतकी वर्षं तुम्हाला 'तू' म्हणत आलो. आज 'तुम्ही' लिहितोय, त्यावरून पाणी कुठवर आलंय ते ओळखा. खुशाली विचारत नाही. फोन करणार नाही, तुमचा आला तर उचलणार नाही. डेपोत फोरमन होतो तेव्हापासूनचा माझा नियम आहे, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी सगळं लेखी. तो आजपासून तुम्हाला लागू.

विषय : रविवारचा तमाशा.

निवृत्त झालो तेव्हा डेपोनं मोडीत काढलेली बस मी घेतली आणि या दोन हातांनी तिचं घर केलं. पलंग, फ्रिज, गीझर, शेगडी, छताला पंखा, मागच्या बाजूला जनरेटर. तुमच्या ताईनं पडदे शिवले. जन्मभर मी लोकांना गाड्यांत बसवून गावोगावी पाठवलं आणि ती घराच्या खिडकीतून बघत राहिली. आता आम्ही दोघं निघणार, थेट समुद्र लागेपर्यंत. त्याआधी गाडी अंगणात उभी करून घरच्या विजेवर चालवून बघायची, म्हणून सगळ्यांना चहाला बोलावलं. केबल लावली, बटण दाबलं. ठाप! असा आवाज की विहीणबाईंच्या हातातली बशी पडली, आणि अख्खं घर अंधारात.

आणि त्या अंधारात तुमचा आवाज : "दाजी, ही गाडी आहे का लाईट घालवायचं मशीन?"

सगळे हसले. माझा सख्खा भाऊ हसला. बशी फुटलेल्या विहीणबाई, ज्या माझ्यासमोर कधी दात दाखवत नाहीत, त्यासुद्धा.

तर आता ऐका. या घराची वायरिंग तुम्ही केलीत. गळतीचा तो ब्रेकरही तुम्हीच बसवलात, "दाजी, यानं माणूस वाचतो" असं छाती फुगवून सांगत. इतके दिवस तो गप होता. आता गाडी लावली की पडतो. वर केला की पुन्हा ठाप आणि पुन्हा खाली. तुम्ही भिंतीत काय घाण घालून ठेवलीय ते लेखी कळवा. आणि तुमच्या ताईकडे निरोप देऊ नका. ती माझी बायको आहे, तुमचा पोस्टमन नाही.

— तुमचे (आता फक्त नात्यापुरते) दाजी


८ फेब्रुवारी

दाजी,

पत्र पोचलं. एकदा मी वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं, मग दुकानातली पोरं मागे लागली म्हणून त्यांनाही. सगळ्यांना आवडलं.

तुम्ही बसगाड्यांचे माणूस, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. तो ब्रेकर म्हणजे डेपोच्या फाटकावरचा वॉचमन. जेवढ्या गाड्या बाहेर गेल्या तेवढ्याच परत आल्या पाहिजेत, एवढंच तो मोजतो. वीज फेजच्या तारेनं जाते, न्यूट्रलच्या तारेनं परत येते. त्यातली थोडी जरी भलत्या वाटेनं, म्हणजे अर्थिंगमधून, पत्र्यातून किंवा एखाद्याच्या अंगातून जमिनीत गेली, की वॉचमन फाटक बंद करतो. तो पडतो याचा अर्थ तो जागा आहे. झोपलेल्या वॉचमनची सवय असलेल्यांना हे जड जाणारच.

माझ्या भिंतीत घाण आहे का, हे बघायला माझी गरज नाही. पोर्चमधल्या ज्या सॉकेटला तुम्ही गाडी लावता, त्याच सॉकेटला घरातली इस्त्री लावा. चांगली तापू द्या. ब्रेकर पडला तर दोष घराचा, मी कान धरून येतो. नाही पडला तर गाडीतली सगळी बटणं बंद करा, मग केबल लावा, आणि एकेक बटण चालू करत जा. ज्या बटणाला पडेल तिथे चोर आहे. बहुतेक गीझर असेल. मोडीतलाच घेतला असणार तुम्ही.

बस तुम्ही छान ठोकली आहे, त्यात वाद नाही. पण पत्रा ठोकणं वेगळं आणि वीज वेगळी. पत्रा चुकला तर तुम्ही त्याला हातोडी मारता. वीज चुकली तर ती तुम्हाला मारते.

— तुमचा मेव्हणा


१३ फेब्रुवारी

मेव्हणे,

इस्त्री लावली. तापली. तुमच्या ताईनं सहा साड्या करून घेतल्या. ब्रेकर पडला नाही. हे मी लिहून देतोय, कारण मी लपवाछपवी करत नाही.

पण पुढचं वाचायला जरा बसून घ्या.

गाडीतली झाडून सगळी बटणं बंद केली. फ्रिज बंद, गीझर बंद, पंखा, दिवे, बॅटरीचं चार्जर, सगळं. गाडी मेल्यासारखी. मग केबल लावली. ठाप! ब्रेकर खाली!

आता सांगा. गाडीत एक दिवा चालू नाही आणि तरी पडतो. मग गाडीचा संबंध काय? जो माणूस घरी झोपलाय त्याच्यावर तुम्ही चोरीचा आळ घेताय. तुमच्या दुकानातल्या पोरांना हेही वाचून दाखवा. गीझर नवा आहे. पावती दाखवणार नाही, कारण तुमची तेवढी लायकी नाही.

तुमच्या ताईला मी सांगितलं, तुझ्या भावाच्या हुशारीची गाडी पुढे सरकत नाही. ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच कंपनीची इंजिनं आहात, आवाज जास्त." तिला काय कळतंय.

— दाजी


१७ फेब्रुवारी

दाजी,

तुम्ही स्वतःच चोर पकडून माझ्या दारात आणून उभा केलात आणि वर मलाच विचारताय, हा कोण?

सगळी बटणं बंद असताना ब्रेकर पडतो, याहून मोठा पुरावा नाही. बटण फक्त फेजची तार तोडतं. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. बंद गाडीतसुद्धा ब्रेकर पडतो म्हणजे गाडीत न्यूट्रलची तार आणि गाडीचा पत्रा कुठेतरी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. आणि ते कुठे, तेही इथे बसून सांगतो. तुम्ही मागे जनरेटर बसवलात तेव्हा त्याची न्यूट्रल चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं आवळलीत. बरोबर?

रानात एकटा जनरेटर चालवायचा तर तो जोड लागतो, हे खरं. पण घरच्या विजेवर लावताना तो तोडावा लागतो, कारण घराचा तसला जोड एकदाच, बाहेर मीटरपाशी असतो. दोन ठिकाणी जोडलं की वीज घरी परतायला दोन वाटा शोधते आणि वॉचमनचा हिशोब चुकतो. चेंजओव्हर स्विच बसवा. जनरेटर चालू असेल तेव्हा जोड, घरचा लाईट असेल तेव्हा मोकळं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी करून देणार नाही, कारण माझी तेवढी लायकी नाही.

एक मात्र बजावून सांगतो. काही दीडशहाणे अशा वेळी केबलची अर्थिंगची तारच कापून टाकतात. ब्रेकर लगेच गप होतो, आणि गाडी लोकांना मारायला मोकळी होते. तुम्ही त्यातले नाही असं मी धरून चालतो.

— मेव्हणा


२६ फेब्रुवारी

मेव्हणे,

काम झालं. गाडी अंगणात चार दिवस घरच्या लाईटवर चालतेय. फ्रिजमध्ये बर्फ होतोय, गीझरचं पाणी कढत. ब्रेकर हूं का चूं करत नाही.

काय केलं ते सांगायला मी बांधील नाही. जनरेटरचा जोड मी माझ्या हातानं आवळलाय आणि तो सुटणार नाही. तुमच्याशिवाय जग चालतं एवढं लक्षात ठेवा. पत्रव्यवहार संपला.

— दाजी

(खाली, वेगळ्या अक्षरात)

बाळा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. रागावू नकोस त्यांच्यावर. गाडी खरंच छान झालीय. मी सकाळचा चहा आता तिथेच करते, सवय व्हावी म्हणून. यांना ती सवय आधीच झालीय, दार उघडं सोडून आत झोपतात आणि मी हाका मारत बसते.

माझी तब्येत बरी आहे. फक्त उजव्या हाताला हल्ली मुंग्या येतात, कोपरापर्यंत झिणझिणतं. डॉक्टर म्हणाले वयानं नसा कमजोर होतात, गोळ्या दिल्यात. गंमत म्हणजे घरात ओटा पुसताना काही होत नाही. गाडीत चढायला दांडा धरला की सुरू होतं. चढायचे कष्ट होत असतील. वहिनीला सांग, परवाचा ब्लाऊज तिला घट्ट असेल तर उसवून पाठव.

— ताई


२ मार्च

मेव्हणे,

पत्रव्यवहार संपला असं लिहिलं होतं. तुम्ही तो फौजदारीवर आणलात.

मी परवा गाद्यांचं कापड आणायला बाजारात गेलो होतो. मागे तुम्ही माझ्या घरात आलात. चप्पल न काढता आलात. बहिणीला "कशी आहेस" विचारलं नाहीत. मेन स्विच पाडलात, तिला दंडाला धरून गाडीपासून लांब नेलंत, मग अंगणात इकडेतिकडे काहीतरी करत बसलात, आणि जाताना माझी केबल प्लगसकट गुंडाळून काखोटीला मारून नेलीत. वर तिला म्हणालात, "त्यांना सांग, मी कापून नेली नाही हे नशीब."

शेजारच्या मास्तरांनी सगळं बघितलंय. ते विचारत होते, "तुमच्या मेव्हण्यांना बरं नाहीये का?" मी काय सांगणार होतो?

केबल माझी आहे. मुकाट परत करा. नाहीतर मी चोरीची तक्रार देईन, आणि चोराच्या रकान्यात नातंसुद्धा लिहीन.

आणि फ्रिजमधलं सगळं वितळलं.

— दाजी


५ मार्च

दाजी,

तक्रार द्या. मीही येतो ठाण्यात, आणि तुमची केबल तिथल्या टेबलावर ठेवतो. प्लगमधली अर्थिंगची तार कापून, तिच्यावर काळी टेप गुंडाळून आत दडपलेली आहे. फोरमनला शोभेल असं नीटनेटकं काम. जे करणाऱ्यांना मी दीडशहाणे म्हणालो, तेच तुम्ही केलंत. कल्पना बहुधा माझ्याच पत्रातून उचललीत.

ताईच्या त्या दोन ओळी वाचल्या आणि माझ्या हातातली पकडसुद्धा खाली पडली. गोळ्या कसल्या खायला लावताय तिला? नसा कमजोर नाहीत तिच्या. मी अंगणात आलो, मेन पाडायच्या आधी गाडीच्या दांड्याला टेस्टर लावला. पेटला. पायरीला लावला. पेटला. दाराला, आरशाला, चाकावरच्या पत्र्याला, जिथे लावला तिथे दिवाळीसारखा पेटला. अख्खी बस, दाजी. रबरी टायरवर उभं असलेलं आणि फेजवर चढवलेलं भलंमोठं पातेलं, आणि माझी बहीण रोज सकाळी त्यात चहा करत होती. ती रबरी चपला घालते म्हणून नुसत्या मुंग्या आल्या. अर्थिंग असती तर पहिल्याच सेकंदाला सगळं बंद पडलं असतं. ते तर पडतच होतं, पण तुम्हाला ते बघवेना.

आता तुम्ही विचाराल, न्यूट्रल पत्र्याला जोडली होती तर पत्र्यावर फेज कशी आली? तुमच्याच केबलमध्ये तारा उलट्या होत्या म्हणून. फेजच्या जागी न्यूट्रल, न्यूट्रलच्या जागी फेज. म्हणूनच केबल घेऊन आलो, तुम्ही पुन्हा लावू नये म्हणून. मिळणार नाही.

तुम्ही माझे दाजी आहात म्हणून एवढंच लिहितो. दुसऱ्या कुणी माझ्या बहिणीच्या बाबतीत हे केलं असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो.

— मेव्हणा


११ मार्च

मेव्हणे,

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. हे तुम्हाला आनंद व्हावा म्हणून कळवतोय. अर्थिंगची तार मी कापली. मला वाटलं, तार कापली की भांडण मिटलं. माझ्या पायात कायम डेपोचे रबरी बूट, म्हणून मला कधी काही जाणवलं नाही. ते माझ्या डोक्यावर आहे आणि राहील. दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक जरा लागत नाही म्हटलं तर मी अख्खी बस डेपोत अडकवायचो, आणि स्वतःच्या बायकोच्या बाबतीत हे.

पण आता तुमच्या डोक्यावर काय आहे तेही बघा.

मी कोणतीही वस्तू एक करत नाही. दोन करतो. ती सवय डेपोची. तुम्ही नेलीत तशी दुसरी केबल माझ्या पेटीत आहे, त्याच दिवशी, त्याच तारेची, त्याच हातानं केलेली. ती खोलून बघितली. तारा सरळ आहेत. एक चुकेल आणि एक बरोबर येईल असा माझा हात नाही.

मग मी पोर्चमध्ये गेलो. तुम्हाला माहीत नसेल, पण या घरात मी आवळलेला प्रत्येक स्क्रू उभा असतो. खाच वर-खाली, सरळ. रंगकाम झालं तेव्हा सगळ्या सॉकेटांच्या झाकण्या मीच परत लावल्या, आणि एकूण एक खाच उभी ठेवली. तुमची ताई मला त्यावरून वेडा म्हणते. पोर्चच्या सॉकेटचे दोन्ही स्क्रू आडवे होते. आत बघितलं तर तारांची टोकं ताजी सोललेली. तांबं नव्या नाण्यासारखं.

अंगणात "इकडेतिकडे काहीतरी" तुम्ही हे करत होतात. तारा माझ्या केबलमध्ये उलट्या नव्हत्या. तुमच्या सॉकेटमध्ये उलट्या होत्या. घर बांधल्यापासून. इस्त्रीला काय, तिला उलटं-सुलटं सारखंच. तुम्ही बहिणीला बाजूला केलंत, आपली चूक उपटून सरळ केलीत, आणि पुरावा म्हणून माझी केबल घेऊन गेलात, मला ती तपासता येऊ नये म्हणून. चहाच्या दिवशी "ठाप" तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंत, पहिल्या पत्रात मी तसं लिहिलंही होतं. दुसऱ्यांदाही लिहिलं. वॉचमन फाटक लावतो तेव्हा ठाप होत नाही, मेव्हणे. ठाप होतं ते फेज पत्र्याला भिडल्यावर. तुमच्यासारख्या वायरमनला ते पहिल्या ओळीत कळायला हवं होतं. पण तुम्हाला गाडीत चूक शोधायची होती. मिळाली, आणि तुम्ही तिथेच थांबलात.

माझा जोड होता, तुमची उलटी तार होती, आणि वर मी अर्थिंग कापली. तिन्हींतलं एक जरी नसतं तर तिला मुंगी आली नसती.

हे तिला तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगतो.

— दाजी


१५ मार्च

(एकच मजकूर, दोन पाकिटांत)

तुम्हा दोघांना,

कुणी काही सांगायची गरज नाही. यांचं पत्र मीच चिकटवते आणि तुझं मीच उघडते, कारण दाराशी पोस्टमन आला की हे गाडीत झोपलेले असतात. सगळं पहिल्यापासून वाचलंय. आणि तू सॉकेट उघडलंस तेव्हा मी पाणी आणायला आत गेले होते असं तुला वाटलं. मी जाळीच्या दारामागे उभी होते, बाळा. तू लहानपणी काही मोडलंस की अशीच मान वाकडी करून जोडायचास.

आता मी तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. मुंग्या येण्याच्या आधीची गोष्ट आहे. गाडी चालू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पायरी चिखलानं भरली होती. मी चपला काढल्या, साडी खोचली, पाणी ओतून पायरी घासली. उठताना दांडा धरला. मला कुणीतरी आतून मुठीत धरून आपटलं असं झालं. मी अंगणात बसलेली होते आणि घरातला पंखा थांबत चालला होता, एवढं आठवतं. ब्रेकर पडला होता. त्या वेळी त्या बिचाऱ्यावरून तुम्ही दोघं भांडत होतात, एक म्हणत होता तो खराब आहे आणि एक म्हणत होता तुम्हाला तो समजत नाही. तो माझ्यासाठी पडला.

मी उठले. स्टुलावर चढून तो वर केला आणि चहा केला. यांना सांगितलं नाही. तुला लिहिलं नाही. का? सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी ते एकमेकांच्या तोंडावर मारायला घेतलं असतं. माझ्या हातात काय होतंय हे कुणी विचारलं नसतं, कुणामुळे होतंय एवढंच विचारलं असतं. मला वाटलं नस असेल. दुसऱ्या दिवसापासून चपला घालून चढले. नस नव्हती.

तुमची सगळी पत्रं मी पुन्हा वाचली. तुम्ही दोघं एकमेकांची चूक शोधण्यात अगदी बरोबर होतात. एकही आरोप खोटा नाही. फक्त पायरीवर मी उभी होते.

मी साध्या बसनं निघाले आहे. शाळेतल्या मैत्रिणीकडे, जिचं घर समुद्रापाशी आहे. घरी परत यायचं की नाही ते गाडीवर आहे. जोड सोडवा, तारा लावा, काय ते तुमच्या भाषेत करा. झालं की दोघांनी चपला काढायच्या, अंगण ओलं करायचं, त्यात उभं राहून तो दांडा धरायचा. आधी तुम्ही धरा. दोघांनी. मग मी बघते.

— (सध्या कुणाचीच नाही)


१९ मार्च

दाजी,

रविवारी येतोय. चेंजओव्हर स्विच, नवा प्लग आणि तुमची केबल घेऊन. तुमच्या चुकीचं काम तुम्ही करा, माझ्या चुकीचं मी करीन. बोलायचं नाही. चहा विचारू नये.

— मेव्हणा


२३ मार्च

हिला,

तुझा भाऊ सकाळी आला. चप्पल दारात काढली. दिवसभर आम्ही एक शब्द बोललो नाही. पाना हवा असेल तर तो बोट दाखवायचा, मी दुसरा पाना द्यायचो, तो डोळे वर करायचा. जनरेटरचा जोड मीच सोडवला. बोल्ट गंजला होता, तेलानंही हलेना. त्यानं मागून येऊन माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला तेव्हा सुटला. त्यानं पोर्चचं सॉकेट पुन्हा उघडून मला दाखवलं, मी बघितलं, त्यानं बंद केलं. स्क्रूच्या खाचा उभ्या ठेवल्या. मी बघतोय हे त्याला माहीत होतं.

मग स्विच बसवला, नव्या प्लगात अर्थिंगची तार जोडली आणि केबल लावली. ठाप झालं नाही. ब्रेकरही पडला नाही. गाडीतलं सगळं चालू. टेस्टर दांड्याला, पायरीला, पत्र्याला, कुठेच पेटला नाही. ब्रेकरवरचं तपासायचं बटणही दाबून बघितलं, पडला. मग मी बादली आणली.

चिखलात अनवाणी दोन म्हातारे. शेजारचे मास्तर कुंपणावर. तिथे पहिल्यांदा बोललो. मी म्हणालो, "धर." तो म्हणाला, "तुम्ही मोठे, तुम्ही धरा." मी म्हणालो, "वायरमन कोण आहे?" तो म्हणाला, "गाडी कुणाची आहे?" मास्तर म्हणाले, "मी धरू का?" तेव्हा दोघांनी एकदम धरला.

काही झालं नाही. पण खरं सांगतो, टेस्टर विझलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही हात पुढे जात नव्हता. तू रोज धरत होतीस. तुझ्या भावाचा हात मात्र चांगलाच थरथरत होता.

घरी ये.

— मी


२३ मार्च

ताई,

झालं सगळं. दांडा धरला. तपशील दाजी लिहितीलच, दुप्पट करून. एवढंच सांगतो, त्यांचा हात पानासारखा थरथरत होता. माझ्या हाताला लागत होता म्हणून कळलं.

चूक माझी होती. केबल त्यांची म्हणून खपवली तीही माझीच. तुला आधी लिहायला हवं होतं.

— बाळा


२८ मार्च

तुम्हा दोघांना,

पत्रं एकाच दिवशी आली. दोघांनीही लिहिलंय की दुसऱ्याचा हात थरथरत होता. दोघांवरही माझा विश्वास आहे.

डॉक्टरांच्या गोळ्या मैत्रिणीच्या केराच्या टोपलीत गेल्या. मुंग्या नाहीत. समुद्र बघितला. बरा आहे, पण एकटीनं बघायला फार मोठा आहे.

रविवारी गाडी घेऊन मला न्यायला या. दोघांनी यायचं, एकानं नाही. येताना वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नका. कागद आणि पेन मी निघतानाच ड्रायव्हरच्या खणात ठेवलेत, लिहा आणि एकमेकांना द्या. मी नंतर वाचीन. मैत्रिणीच्या पोर्चमध्ये सॉकेट आहे, तिथेच गाडी लावायची. आधी ते सॉकेट बाळानं उघडून बघायचं आणि यांनी त्याच्या मागे उभं राहून बघायचं.

मी दारात असेन. चपला नसतील आणि पाय ओले असतील. पायरी खाली सोडा आणि दोघंही बाजूला व्हा. मला हात द्यायला कुणी पुढे येऊ नका.

दांडा मी धरीन.

— ताई, आणि ही